तसूभर जमीन

शिशाच्या शिपायाला दोन पाय असतात, पण त्या दोन पायांवर त्याला उभें राहतां येत नाहीं. त्याच्या तळव्यांखालीं लांकडाचा, पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा एखादा तुकडा चिकटवावा, तेव्हां कोठें तो बंदूक खांद्यावर घेऊन युद्धास सिद्ध होतो. या तुकड्याला इंग्रज खेळाडू 'बेस' म्हणतात. मीं त्याला 'बैठक' हें नांव दिलें आहे. जो जन्मभर उभाच राहणार, त्याच्याच वांट्याला बैठक यावी यांतील गंमत मला आवडते.

हा खेळ ज्यांच्या पाहण्यांत नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. एका मोठ्या मेजावर हिरवें कापड अंथरायचें, त्यावर टेकड्या, नाले, गांवें मांडायचीं, दोन्ही बाजूंस बोटाच्या पेराएवढ्या शिपायांच्या पलटणी उभ्या करायच्या, आणि फूटपट्टीनें अंतर मोजून व फांसे टाकून एखादी जुनी लढाई पुन्हां लढायची. खेळणारे बहुधा चाळिशीच्या पलीकडचे, चष्मा लावणारे आणि प्रत्यक्ष जीवनांत शेजाऱ्याशीं भांडण्याचीही हिंमत नसलेले असे गृहस्थ असतात. मी त्यांतलाच एक. नोकरीनिमित्त तीन वर्षें इंग्लंडच्या उत्तर भागांत राहिलों, तेव्हां हें व्यसन जडलें. पुण्यास परत आलों तेव्हां सामानांत गरम कपडे कमी आणि शिसें अधिक होतें. शिसें म्हणावयाचें तें परंपरेनें. हल्लीं त्या मिश्रधातूंत बहुतेक कथिलच असतें.

आमच्या घरांत या छंदाकडे सहानुभूतीनें पाहिलें जातें, परंतु त्या सहानुभूतीलाही कांहीं सीमा आहे. गेल्या पावसाळ्यांत माझे तीनशें बारा शिपाई रंगवून पूर्ण झाले, आणि जेवणाचें मेज आतां मोकळें होईल अशी आशा घरांत उत्पन्न झाली. दुसऱ्या दिवशीं मीं त्याच मेजावर प्लायवुडचे पातळ तुकडे, करवत व वाळूची पुडी मांडलेली पाहून सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, माणसं रंगवून संपलीं ना? मग आतां जमीन रंगवायला घेतलीत कीं काय?"

प्रश्न अगदीं बरोबर होता. शिपाई रंगविणें हें धीराचें काम आहे. त्यांत निर्णय असा फारसा नाहीं. डगला तांबडा तर तांबडा, पट्टा पांढरा तर पांढरा. बैठकीची गोष्ट निराळी. एका तुकड्यावर किती माणसें उभीं करायचीं, किती दाटीनें, तुकडा किती रुंद व किती खोल कापायचा, त्यावर माती पसरायची कीं गवत लावायचें, हें एकदां ठरलें कीं त्या सैन्याचें पुढचें सारें आयुष्य ठरून जातें. दुर्योधनानें सुईच्या अग्रावर मावेल इतकीही जमीन देण्याचें नाकारलें होतें. मला माझ्या शिपायांना तसूभर जमीन द्यायची होती, आणि तेवढ्यासाठीं मी तीन महिने अडून बसलों होतों.

या खेळाच्या आरंभीं असला प्रश्नच नव्हता. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ सालापासून राइसविट्झच्या ज्या युद्धखेळाचा प्रसार झाला, त्यांत माणसें नव्हतींच. नकाशावर तांबडे व निळे ठोकळे सरकवीत. ठोकळ्याला पायच नाहींत, तेथें बैठक कशाला? पुढें १८९३ सालीं लंडनच्या 'ब्रिटन्स' या कारखान्यानें आंतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ति काढली, आणि प्रत्येक शिपाई पायांखालच्या चकतीसकटच जन्मास येऊं लागला. एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहिलें तें असल्याच शिपायांच्या जोरावर. वेल्ससाहेबांच्या खेळांत स्प्रिंगच्या चिमुकल्या तोफेनें लांकडी गोळी मारायची. जो आडवा पडला तो मेला. त्या काळीं बैठकीचें काम एवढेंच, कीं शिपायानें जिवंत असेपर्यंत उभें राहावें आणि मरतांना विनातक्रार पडावें. या चकतीवरून कोणी वाद घालतील हें वेल्सना, एवढ्या भविष्यकथा लिहूनही, सुचलें नसावें.

वाद सुरू झाला तो प्रौढांनीं खेळ हातीं घेतल्यावर. १९६२ सालीं इंग्लंडांत डोनल्ड फेदरस्टोन यांचें आणि अमेरिकेंत जोसेफ मॉर्शाउझर यांचें, अशीं या विषयावरचीं दोन पुस्तकें निघालीं. पहिल्यांतला शिपाई एकटा उभा राहतो, एकटा चालतो व एकटाच मरतो. दुसऱ्या पुस्तकांत अनेक शिपाई एकाच पाटीवर चिकटलेले असून ती पाटी हाच खेळाचा घटक. मला वाटतें, या खेळांतले पुढचे सगळे पंथ या दोन वाटांतून फुटले आहेत. एकटा शिपाई ठेवला तर मेलेल्याला उचलून बाजूस ठेवतां येतें, पलटण डोळ्यांदेखत झिजतांना दिसते; पण साठ पलटणींचा पसारा हलवायला रात्र पुरत नाहीं. एकत्र चिकटवले तर हात भराभर चालतो. मात्र माणसाचें मरण डोळ्यांआड होतें, पाटी सबंध असते किंवा सबंध उचलली जाते.

इंग्लंडच्या 'वॉरगेम्स रिसर्च ग्रुप'नें १९६९ सालीं प्राचीन युद्धांचे नियम छापले, त्यांत एक शिपाई म्हणजे वीस माणसें असा हिशेब होता. त्याच परंपरेंतून १९९० सालीं 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' हें छोटेंसें नियमपुस्तक आलें. प्रत्येकी बाराच बैठकांचें सैन्य, घडीच्या मेजावर मावेल असें रणांगण, तासाभरांत निकाल. त्यानें आणि त्याच्या आधींच्या नियमांनीं बैठकांचीं जीं मापें रूढ केलीं तीं इतर काळांच्या युद्धांतही सर्वतोमुखीं झालीं. पंधरा मिलिमीटर उंचीच्या शिपायांसाठीं रुंदी ४० मिलिमीटर, ती सर्वांना सारखी. ढोबळ मानानें सांगायचें तर त्या रुंदींत खांद्याला खांदा लावून चार माणसें असलीं कीं तें बांधेसूद पायदळ. तीन असलीं तर सैल रांगेनें चालणारें, खांचखळग्यांतून चपळाईनें जाणारें. दोनच असलीं तर पांगून लढणारे तिरंदाज वा बरकंदाज. पहिल्याची खोली १५ मिलिमीटर, दुसऱ्या दोघांची २०. हत्तीला ४० बाय ४०, आणि तेवढी जागा त्याला शोभतेही. मेजापलीकडचा प्रतिस्पर्धी पुस्तक उघडत नाहीं. तो तुमच्या बैठकीवरचीं माणसें मोजतो आणि हे लोक कोणत्या प्रतीचे आहेत तें ओळखतो. म्हणजे ही लांकडाची पट्टी म्हणजे त्या लोकांविषयीं दिलेलें एक मत झालें. आणि येथेंच माझें घोडें अडलें होतें.

कारण माझें सैन्य आहे असईचें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आजच्या जालना जिल्ह्यांत, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत आर्थर वेलस्लीनें दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशीं लढाई दिली. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लू जिंकल्यावरही, आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती असें विचारतां त्यानें असईचें नांव घेतलें, असें सांगतात. शाळेंत आपण हें प्रकरण एका ओळींत उरकतों: मराठे हरले. मेजावर तें एका ओळींत उरकत नाहीं. मराठ्यांची रांग केळणेच्या कांठीं दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. वेलस्लीनें खालच्या अंगाला नदी उतरून त्यांच्या डाव्या बगलेवर यावयाचा बेत केला. समोरचें पायदळ तोंड फिरवूं शकणार नाहीं हें त्यानें गृहीत धरलें होतें. परंतु पोलमन या हॅनोव्हरच्या गृहस्थाच्या हुकमतीखालच्या कंपूंनीं आपली सबंध रांग काटकोनांत फिरविली आणि दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या जागेंत नवी आघाडी धरली. शाळेंत कवाइतीच्या तासाला 'दाहिने मुड' केलेल्या माणसाला ठाऊक आहे, कीं चाळीस मुलांची रांगसुद्धां धड वळत नाहीं. येथें हजारों माणसें, आणि बरोबर तोफा. पहिली फळी मोडल्यावर त्यांतलीं माणसें जुईकडे पाठ करून पुन्हां उभीं राहिलीं. वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. त्याच्या उजवीकडची ७४ वी पलटण असई गांवाच्या रोखानें वाजवीपेक्षां पुढें गेली, ती जवळजवळ नाहींशीच झाली.

ही लढाई मेजावर मीं प्रथम पाहिली ती इंग्लंडांत, एका निवृत्त शिक्षकाच्या घरीं. अतिशय प्रेमळ गृहस्थ. चहा स्वतः करून देत आणि फांसे माझ्या मनाजोगे पडले तर त्यांनाच जास्त आनंद होई. त्यांचे इंग्रज शिपाई चारचार, खांद्याला खांदा लावून, हिरव्यागार गवतावर उभे होते. मराठे तीनतीन, एकाचें तोंड इकडे, दुसऱ्याचें तिकडे, आणि पायाखालीं पिवळी धमक वाळू. पागोटीं मात्र इतक्या मायेनें रंगविलेलीं, कीं दोन पागोट्यांचा रंग सारखा नव्हता. खेळ सुरू झाला. तीनतीनांच्या त्या सैल बैठकांना त्यांच्या नियमांप्रमाणें इंग्रजी संगिनींसमोर टिकाव धरतां येईना. चौथ्या खेपेस मराठ्यांची डावी बाजू मोडली व सहाव्या खेपेस आम्ही चहा घ्यावयास उठलों.

मीं त्यांना विचारलें, कीं यांना तीनतीन कां? ते म्हणाले, हिंदी पायदळ सैल धरावें असें त्यांच्या जुन्या यादींत होतें, आणि हे शिपाई त्यांनीं पस्तीस वर्षांपूर्वीं चिकटवले होते. त्यांच्या बोलण्यांत तुच्छता मुळींच नव्हती. इतरांना जें मत परंपरेनें मिळालें तेंच त्यांनाही मिळालें होतें, आणि तें त्यांनीं डिंकानें पक्कें केलें होतें. पुढच्या रविवारीं गेलों, तों त्यांनीं कपाटांतून लढाईच्या वर्णनाचे दोन जाड ग्रंथ काढून ठेवलेले. रांग काटकोनांत फिरल्याचा उतारा त्यांनीं मला स्वतः वाचून दाखविला. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे हे बिचारे पस्तीस वर्षें दुसऱ्याच कोणाच्या तरी जमिनीवर उभे आहेत. मला आतां सुरी धरवत नाहीं. तुम्हीच घरीं गेल्यावर यांचें सैन्य नीट उभें करा."

घरीं आल्यावर हें काम वाटलें होतें तितकें सोपें ठरलें नाहीं. सगळ्यांनाच चारचार करून टाकावें, असें मन सांगत होतें. अभिमान फार लवकर चिकटतो. परंतु शिंद्यांच्या कंपूंना जो न्याय द्यायचा तोच इतरांना कसा देतां येईल? भोसल्यांचें पायदळ त्या तोडीचें नव्हतें. कवाइतीच्या रांगेंत मोकळ्या मैदानावर उभें राहण्याची त्याची तयारी नव्हती. घोडदळ तर अफाट होतें, पण त्या दिवशीं त्यानें फारसें कांहीं केलें नाहीं, हें कोणत्याही बाजूच्या इतिहासकाराला नाकारतां आलेलें नाहीं. त्या घोडेस्वारांना मीं दाटीनें तीनतीन उभे केले असते तर मेजावर ते मोठे दिमाखदार दिसले असते, आणि पहिल्याच खेपेस धडक मारून मीं १८०३ चा निकाल फिरवला असता. मुंबईचे माझे एक स्नेही इंग्रजांची बाजू खेळतात. ते मोठे काटेकोर आहेत. त्यांनीं पत्र पाठवून विचारलें, "काय हो, तुमच्याकडे सैल माणूस एकही नाहीं का?" त्यांच्या या थट्टेंत तथ्य होतें. म्हाताऱ्या मास्तरांची वाळू खरडून तेथें माझी वाळू चिकटवायची, एवढ्यासाठीं मीं करवत घेतली नव्हती. शेवटीं कंपूंना चारचार, भोसल्यांच्या पायदळाला तीनतीन आणि घोडेस्वारांना दोनदोन, असा निवाडा दिला. घोडेस्वारांच्या बैठका संख्येनें इतक्या झाल्या आहेत, कीं त्या मेजाची अर्धी बाजू व्यापतात आणि बहुतेक वेळ नुसत्या उभ्या असतात. पाहतांना जीव कासावीस होतो. पण तो व्हावयासच पाहिजे.

एकदांच चिकटवून टाकण्याच्या भीतीवर लोकांनीं एक उपायही शोधला आहे. शिपाई एकेकटे लहान चकत्यांवर ठेवायचे, आणि त्या चकत्या बसतील अशा भोकांची मोठी पाटी करायची. हवें तेव्हां पलटण, हवें तेव्हां सुटे. तिला इंग्रजींत 'सॅबो' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लांकडी पादत्राण. म्हणजे खडावाच! काल्पनिक राक्षसांचा 'वॉरहॅमर' खेळणाऱ्यांना या खडावांचा फार उपयोग होतो. त्यांच्या कंपनीनें आधीं कित्येक वर्षें माणसांना २० मिलिमीटरचे चौकोन दिले, २०१५ सालीं नव्या खेळासाठीं गोल चकत्या काढल्या, आणि २०२४ सालीं जुन्या धर्तीचा खेळ पुन्हां आणतांना चौकोन परत दिले, पण ते २५ मिलिमीटरचे. हजारों घरांत सुऱ्या निघाल्या असतील. मला खडावा पटल्या नाहींत. पलटणींतला माणूस मनांत येईल तेव्हां सुटा होत नाहीं. मग त्याला सुटा ठेवून काय साधायचें? मात्र डिंक मीं पाण्यांत भिजल्यावर सुटणाराच वापरला आहे. इतिहासाचें नवें पुस्तक उद्यां येऊं शकतें.

मापांविषयीं आणखी एक गोष्ट मला गमतीची वाटते. मेजावर एक मिलिमीटर म्हणजे एक यार्ड धरला तर माझी सहा बैठकांची पलटण २४० मिलिमीटर रुंद, म्हणजे जमिनीवर २४० यार्ड होते. हें पुष्कळसें वास्तवाला धरून आहे. पण खोलीचें काय? दोनतीन रांगांचें पायदळ प्रत्यक्षांत दोनतीन यार्डांत मावतें. त्या हिशेबानें बैठक दोनतीन मिलिमीटरच खोल हवी. ती १५ मिलिमीटर असते, कारण त्याहून कमी जागेंत शिशाचे पाय मावत नाहींत. एवढें खोटें सर्वांनाच बोलावें लागतें. जाडीचें मात्र एक व्यावहारिक शहाणपण आहे. पातळ पुठ्ठा वाकतो, आणि उचलणारा शिपायाच्या डोक्याला धरतो. आठ दिवसांत पागोट्याचा रंग जातो व बोटाला संगीन टोंचते. तीन मिलिमीटरचें लांकूड घ्यावें, म्हणजे पाहुणा आपोआप कडेला धरतो. तळाशीं पत्र्याची पट्टी लावावी आणि पेटीच्या बुडाशीं चुंबकाची चादर. पुणें-मुंबई प्रवासांत घाटाच्या वळणावर सैन्य जागचें हलत नाहीं.

राहिली जमीन. माझी पुतणी सुट्टींत येऊन जेवढें मन लावून अभ्यास करते त्याहून अधिक मन लावून माझ्या बैठकांवर वाळू पसरते. तिनें इंग्लंडांतल्या मास्तरांच्या मेजाचें छायाचित्र पाहून विचारलें, "काका, लढाई एकाच शेतांत झाली ना? मग साहेबाच्या पायाखालीं गवत आणि आपल्या पायाखालीं वाळवंट कसं?" याला उत्तर नाहीं. पूर्व म्हटली कीं वाळू, ही तिकडच्या रंगांच्या बाटल्यांचीही समजूत आहे. बैठकांसाठीं मिळणाऱ्या तयार गवताचा रंग इंग्लंडच्या कुरणाचा असतो, वाळू कुठल्याशा वाळवंटाची. सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यांत काय असतें? पावसानें फुगलेली काळी जमीन, नाल्याच्या कडेला चिखल, बांधांवर कंबरेपर्यंत गवत. आम्हीं दोघांनीं शेतांतली काळी माती आणली, ती भाजून चाळणींतून गाळली, डिंकांत कालवली. भाजलेली माती वाळल्यावर भुरकट होते. म्हणून वर काळ्यांत किंचित् तपकिरी घालून एक हात द्यावा लागला. गवतासाठीं पुतणीनें दिवाळींतल्या किल्ल्यावरच्या अळिवाची आठवण काढली. किल्ल्यावर मातीचा मावळा उतारावर उभा राहीना, तेव्हां आपण त्याला ओल्या चिखलांत पायापर्यंत खुपसत होतों. बैठकीचें शास्त्र म्हणतात तें आपल्याकडे मुलांना असें आधींपासून ठाऊक आहे. अळीव मात्र चार दिवसांत माणसाहून उंच होतो, सबब काथ्याचे धागे कातरून लावले. दोन्ही सैन्यांना एकच माती, एकच काथ्या. मुंबईच्या स्नेह्यांनाही त्याच पुडीतली माती पाठविली. त्यांच्या हायलंडर शिपायांचे पाय आतां आमच्याइतकेच काळे झाले आहेत.

तोफांच्या बैठका सर्वांत शेवटीं केल्या. त्या दिवशीं मराठ्यांच्या अठ्ठ्याण्णव तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या. त्यांतल्या बऱ्याच आधीं गोलंदाजांना कापून घेतल्या होत्या. आणि मेलेले समजून इंग्रजी फळी पुढें निघून गेल्यावर कांहीं गोलंदाज उठले, त्यांनीं त्याच तोफा फिरवून पाठीमागून मारा केला, अशी नोंद आहे. नियमांप्रमाणें तोफ घेतली कीं बैठक उचलायची. मीं दोन बैठकांवर तोफेजवळ एकेक आडवा पडलेला माणूस ठेवला आहे. तो मेलेला आहे कीं पडून राहिलेला, हें मेजापलीकडून कळत नाहीं. मुंबईचे स्नेही दोनदां वाकून पाहून गेले. त्या दोघांना मीं डिंक लावलेला नाहीं.